शेपटापर्यंत पाणी

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझे सासरे एकाही फोटोत पूर्ण सापडत नाहीत. कुठे नुसतं कोपर आहे, कुठे पाठ आहे, कुठे काळ्या जाकिटाची कड आणि पांढऱ्या टोपीचं टोक. कन्यादानाच्या फोटोत हात तेवढे आहेत. बाकीचे नाना चौकटीबाहेर, बहुधा मांडवामागच्या टाकीत पाणी किती उरलं ते बघत असावेत. फोटोग्राफर अमळनेरचा होता, सोशिक माणूस. पण संध्याकाळपर्यंत तोही टेकीला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तुमचे सासरे जरा दोन मिनिटं धरून ठेवता का?" मी नवरदेव होतो. त्या दिवशी मला कोणीही काहीही धरायला सांगितलं असतं तरी मी धरलं असतं. नाना तेवढे धरता आले नाहीत.

नाना पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पण खात्यानं त्यांना पाणी शिकवलं असं म्हणणं बरोबर नाही. ते शिकून आले होते. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी त्यांचं गाव आहे. तिकडे काही गावांत अजून फड आहेत. नदीवर जुना दगडी बांध, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या शिवारात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं पीक. तिथे शेतकरी आपल्या हातानं पाणी घेत नाही. गावानं नेमलेला पाटकरी असतो, तो देईल तेव्हा घ्यायचं. नानांचे वडील पाटकरी होते. पाणी अपुरं असलं की आधी पाटाच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या शेताला पोचवायचं आणि मग मुखाकडे उघडत यायचं, हा त्यांचा शिरस्ता. "शेपूट वलं त पाट खरा," असं ते म्हणायचे, शेपूट ओलं झालं तरच तो पाट. मुखाजवळचा माणूस काय, हात लांब केला की त्याला पाणी मिळतंच. नानांनी वडिलांकडून दोन गोष्टी घेतल्या. एक हे वाक्य, आणि दुसरी खाचा पाडलेली बाभळीची काठी. पाटात काठी उभी धरायची आणि कितव्या खाचेला ओल लागली ते बघायचं. खात्यानं दिलेल्या मोजपट्टीवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

आता ही रीत पाटावर शोभते. नानांनी ती पंगतीत आणली. आमच्या लग्नात वरण-बट्टी होती. वाढपी नेहमीप्रमाणे वरच्या टोकाकडून निघाले, तोच नानांनी त्यांना अडवलं आणि तुपाची भांडी घेऊन सगळ्यांना पार खालच्या टोकाला पाठवलं. तिथे मांडववाले, बँडवाले आणि ट्रकचा ड्रायव्हर बसले होते. त्यांच्या बट्ट्या तुपात बुडाल्या, मग पंगत हळूहळू वर सरकली. वरच्या टोकाला पहिल्या पाटावर माझे जळगावचे थोरले मामा बसले होते. त्यांच्यापर्यंत तूप आलं तेव्हा तळाशी चमचाभर उरलं होतं. मामांनी ते चमचाभर तूप बघितलं, हात धुतला आणि जे उठले ते आजतागायत माझ्या सासरी गेलेले नाहीत. नाना त्यांची समजूत घालायला गेले आणि म्हणाले, "पाव्हनं, तुम्ही मुखवर शेतस. तुमले काय कमी?" हे समजूत घालणं होतं, असं ज्योती अजून म्हणते.

ज्योती म्हणजे माझी बायको, नानांची एकुलती एक मुलगी. आणि अक्का म्हणजे सासूबाई. ही गोष्ट नानांची असली तरी अक्कांना सोडून ती सांगता येत नाही, कारण नाना कुठेतरी निघालेले असतात हे कळायला मागे कोणीतरी थांबलेलं असावं लागतं.

धुळ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा जावई म्हणून माझा मान मोठा होता, पण त्या मानानं नाना एका जागी बसतील असं काही नव्हतं. चहा ते उभ्यानं प्यायचे. भाकरीचा शेवटचा घास अंगणात तोंडात जायचा. माझ्याशी बोलतानासुद्धा ते दारात उभे असायचे, एक पाय चपलेत. अक्का स्वयंपाकघरातून बसायचा पाट सरकवत म्हणायच्या, "बठा ना जरासं." नाना बाहेर पडता पडता म्हणायचे, "बठाले टाइम कोठे शे?" दिवसातून सात-आठ वेळा तरी हे व्हायचं. सुरुवातीला मला ते गमतीचं वाटायचं. पुढे पुढे पाट सरकल्याचा आवाज आला की मी अक्कांच्या तोंडाकडे बघायचं टाळायला लागलो.

एकदा दोघं आमच्याकडून, जळगावहून, धुळ्याला परत निघाले होते. एसटी पारोळ्याला थांबली. स्टँडवरचा नळ वाहत होता. नाना म्हणाले, "उनूच," म्हणजे आलोच, आणि उतरले. नळ फिरून फिरून बंद होईना, तेव्हा त्यांनी रुमाल फाडून त्याच्या चिंध्या तोटीला आवळून बांधल्या. तोवर एसटी निघून गेली. नाना पुढच्या गाडीनं तासाभरानं धुळ्याला पोचले, घरात शिरले आणि अक्कांना म्हणाले, "बंद व्हयना नळ." म्हणजे झाला बंद. बस. अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

यातली खरी गोष्ट अक्कांनी ज्योतीला बऱ्याच वर्षांनी सांगितली. कंडक्टरनं घंटी मारण्याआधी विचारलं होतं, "सगळे आले ना?" अक्का खिडकीशी बसल्या होत्या, नाना नळाशी वाकलेले त्यांना दिसत होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. "म्हटलं, पाहू तरी," असं त्या ज्योतीला म्हणाल्या. गाडी हलल्यावर हा माणूस मागे धावतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नानांनी मान वर केली नाही.

मग आम्ही इंग्लंडला गेलो. चार वर्षं तिथे होतो, देशाच्या मध्यावरच्या एका गावात. नाना रिटायर झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघांना सहा आठवड्यांसाठी बोलावलं. विमानात नऊ तास एका खुर्चीत, या गोष्टीची मला मनापासून उत्सुकता होती. अक्का उतरल्या त्या थकलेल्या, आणि नाना ताजेतवाने. सगळा वेळ ते विमानाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीचा नळ जिथे असतो तिथे उभे होते म्हणे. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या भागातले सगळे रस्ते पायाखाली घातले. दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन त्यांना हात करू लागला.

ज्योतीनं अक्कांना विचारलं, तुला काय काय बघायचंय? राणीचा राजवाडा, मोठा पाळणा, समुद्र? अक्का शेंगा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "माले काहीच पाहनं नही. यास्ना शेजारे एक दिन बठनं शे."

ज्योती उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात फोन होता. तिकडे जुने कालवे आहेत, कधीकाळी कोळसा न्यायला खोदलेले. आता त्यांत लांबट नावा भाड्यानं मिळतात. सकाळी घ्यायची, आपणच चालवायची, संध्याकाळी परत आणून द्यायची. नाव माणसाच्या चालीनं जाते. तिच्यात बसण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. शिवाय कालवा! मला ही योजना अतिशय हुशारीची वाटली. कालव्यावरच्या माणसाला कालव्यावरच नेऊन बसवायचं. माझ्या हुशारीबद्दल माझं मत तेव्हा आजच्यापेक्षा बरं होतं.

जेवताना अक्कांनी नानांकडून शब्द घेतला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, माझ्या शेजारी, उठायचं नाही.

"बस, इतलंच?" नाना म्हणाले.

"इतलंच."

"दिना शब्द."

नाव बघून नाना हसले. लांबीला आपल्या एसटीएवढी आणि रुंदीला बैलगाडीएवढी. मागे उभं राहून सुकाणू धरायचं, ते मी धरलं. पुढच्या उघड्या भागात एक बाक होता. त्यावर नाना आणि अक्का. अक्कांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, आणि नानांच्या जाकिटाचा कोपरा त्यांनी आपल्या पदराखाली मुठीत धरून ठेवला होता. हे मला मागून दिसत नव्हतं, ज्योतीनं येऊन हळूच सांगितलं.

इंजिन सुरू झालं. बदकं आमच्या पुढे निघून गेली. काठावरून एक म्हातारी कुत्र्याला फिरवत चालली होती, तीही पुढे गेली. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, गायी, मधूनच दगडी पूल. पंधरा मिनिटं नाना पाण्याकडे बघत बसले. मग त्यांचा आवाज आला.

"जवाईबापू, हाई पानी जास कोठे?"

"कुठे नाही जात, नाना. उभंच असतं."

"उभं?" त्यांनी काठी खाली घातली. हो, काठी आणली होती, विमानातून, विमानतळावर तासभर वाद घालून. "मंग खोदेल कसाले शे?"

"नावा चालवायला."

नाना माझ्याकडे वळून बघत राहिले. जावयानं थट्टा केली तर ती चालवून घ्यायची असते, तसं त्यांनी चालवून घेतलं. पण पुढे दीड तास ते एकेक काठ न्याहाळत होते. पाटातून शेतात पाणी काढायच्या तोंडाला ते बारं म्हणत. मैलोन्मैल कालवा, काठोकाठ भरलेला, आणि एकही बारं नाही. शेवटी न राहवून ते अक्कांना म्हणाले, "इतलं पानी शे अन एक वाफा भिजत नही." अक्का म्हणाल्या, "आपला नही ना. बठा." आणि ते बसले. सांगतो ते खरं आहे, नाना बसले होते. माझ्या माहितीत तोवरचा तो उच्चांक होता.

मग पहिलं लॉक आलं. तो कालवा उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेला आहे. वरची पायरी आणि खालची पायरी यांच्यामध्ये एक दगडी पेटी, तिला दोन्हीकडे दरवाजे आणि दरवाजांना झडपा. नाव पेटीत घ्यायची, दरवाजे लावायचे, खालची झडप उघडून पेटीतलं पाणी खाली सोडायचं, आणि पाण्याबरोबर नाव खाली उतरते. झडपा उघडायला एक लोखंडी हँडल असतं, ते ज्योती फिरवत होती. पेटीतलं पाणी धो धो खाली गेलं. नाना बाकावर ताठ झाले. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचे गुडघे धरले.

"एक नाव उतारता इतलं पानी?"

"नाना, इथे पाऊस फार."

"व्हई. तरी बी."

दुसऱ्या लॉकलाही ते तसेच गुडघे धरून बसून राहिले. ते काय सोसत होते हे मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी फार प्रेम वाटलं. चाळीस वर्षं ज्यानं एका खाचेएवढं पाणी शेपटाला पोचवण्यासाठी मुखाकडच्या बड्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तो माणूस बायकोला दिलेल्या शब्दासाठी डोळ्यांसमोर हौदच्या हौद वाहून जाताना बघत होता आणि उठत नव्हता.

दुपारी तिसऱ्या लॉकच्या वरच्या अंगाला आम्ही नाव काठाला बांधली. दोन लॉकांमधला तो छोटासाच तुकडा होता, जेमतेम दोन फर्लांग. जेवणं झाली. लॉकच्या खालच्या पायरीवर एक नाव कलून पडली होती आणि एक म्हातारा गोरा बांबूनं तिला ढकलत होता. खाली पाणी उतरलं होतं, नाव चिखलाला टेकली होती. म्हातारा वर आमच्यापाशी आला, हसून काहीतरी बोलला. नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण खात्यातले शब्द येत होते, आणि कालव्याच्या शेपटाला खात्यात टेल म्हणतात. नानांनी खाली बोट दाखवून विचारलं, "टेल?" म्हाताऱ्याला काय कळलं कोणास ठाऊक, त्यानं मान हलवली. "टेल, नो वॉटर?" म्हातारा म्हणाला, "नो वॉटर," आणि पुन्हा हसला. कालव्याच्या लोकांना त्यानं कळवलं होतं, ते येणार होते. हे मी नानांना सांगितलं. त्यांनी ऐकलं असं मला वाटलं.

ऊन छान होतं. अक्कांनी डोकं नानांच्या खांद्याला टेकलं आणि डोळे मिटले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आपण इथे नको, असं ज्योतीनं खुणेनं सांगितलं आणि आम्ही गावात आइस्क्रीम आणायला गेलो. लोखंडी हँडल नावेच्या टपावर राहिलं.

परत यायला आम्हाला पाऊण तास लागला. लांबूनच पाण्याचा आवाज आला. नाना लॉकच्या खालच्या टोकाला उभे होते, बिनजाकिटाचे, बाह्या वर सारलेल्या. त्यांनी वरची झडप उघडली होती आणि खालचीही. पाणी वरून सरळ खाली चाललं होतं. खालची नाव तरंगली होती, म्हातारा टाळ्या वाजवत होता, आणि नानांनी काठी पाण्यात उभी धरली होती. त्यांचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही. मला बघून ते ओरडले, "जवाईबापू! शेपूट वलं व्हयनं!"

आणि मागून अक्कांची हाक आली. "ओ ज्योतीना बाप!"

आम्ही वळून बघितलं. आमची नाव कलली होती. वरच्या तुकड्यातलं पाणी कमरेइतकं होतं ते गुडघ्याखाली आलं होतं. नाव काठाला बांधलेली, दोर ताणलेले, त्यामुळे एक बाजू दोरांना लटकलेली आणि दुसरी चिखलात. अक्का बाकावरून घसरून खाली बसल्या होत्या. भाकरीचा डबा उलटला होता.

नानांची चूक मला तेव्हा समजली नाही, पुढे समजली. आपल्याकडे पाटाच्या मागे बांध असतो, कालव्याच्या मागे धरण असतं. शेपटाला कितीही पाणी सोडलं तरी मागून येत राहतं. मुखाकडे वळून बघायची त्यांना सवयच नव्हती. इथे प्रत्येक तुकडा म्हणजे एक वेगळा हौद, खाली सोडलं की वर संपलं. चाळीस वर्षं कालव्यावर काढलेल्या माणसानंच ही चूक करावी अशी होती. नवखा माणूस झडपेला हातच लावणार नाही.

ते धावले मात्र. झडपा पाडल्या, काठ उतरून नावेत उडी घेतली, अक्कांना धरलं. मी दोर सैल केले, नाव दाणकन चिखलात बसली. कोणाला लागलं नव्हतं. ज्योतीनं फोन केला आणि थोड्या वेळानं कालव्यावरची एक बाई गाडीतून आली, निळं जाकीट घातलेली, वयानं पन्नाशीची. तिनं पाणी बघितलं, झडपा बघितल्या आणि विचारलं, हे कोणी उघडलं? भाषा कळली नाही तरी प्रश्न नानांना कळला. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

ज्योतीनं सांगितलं की माझे वडील चाळीस वर्षं कालव्यावर होते. ती बाई म्हणाली, "मग त्यांना कळायला हवं होतं." रागानं नाही, सहजच म्हणाली. ज्योतीनं ते भाषांतर करून सांगितलं नाही, पण नाना खाली बघायला लागले. बाईनं सांगितलं की याच्याही वरच्या तुकड्यातून थोडं थोडं पाणी सोडावं लागेल, चार तास तरी जातील, तोवर दोघांनी काठाकडच्या बाजूला बसून राहावं आणि कृपा करून कशालाही हात लावू नये.

म्हणजे झालं असं की नानांना बसायला शेवटी सरकारी हुकूम निघाला. नाव अशी कलली होती की बाकावर अंतर ठेवून बसताच येत नव्हतं, दोघं एका कोपऱ्यात घसरत होती. मी काठावर दोर धरून उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं. दोराची गाठ सोडल्याबांधल्याचं सोंग मी बराच वेळ केलं.

पहिला तास असाच गेला. मग नाना म्हणाले, "तू झोपेल व्हती. म्हनीसन मी उठनू."

"मी झोपेल नव्हतू."

नाना काठीच्या खाचा चाचपायला लागले.

"तुम्ही जाकीट काढं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता, नाना कसे उठले ते त्या एकेक करून सांगत होत्या. "घडी करी. मनं डोकं उचलं अन त्यावर ठेवं. समदं समजी ऱ्हायंतं माले."

"मंग बोलनी का नही?"

"पाही ऱ्हायंतू."

पाणी बोटबोट चढत होतं. तिकडच्या उन्हाळ्यात दिवस साडेनऊला मावळतो, त्यामुळे अक्कांचा दिवस संपता संपत नव्हता. दोघं त्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून बसली होती आणि दोघंही दोन वेगळ्या काठांकडे बघत होती. मला तो दिवस परत द्यावासा वाटत होता. अक्कांना नवा, नीट दिवस आणून द्यावा असं वाटत होतं. ते शक्य नव्हतं, म्हणून मी दोर धरून उभा राहिलो.

नाव तरंगल्यावर त्या निळ्या जाकिटवाल्या बाईनं नानांची काठी मागून घेतली, खाचा बघितल्या, आणि काठी परत देताना त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघं आणखी तीन आठवडे आमच्याकडे होती. पोस्टमन मला विचारायचा, तुमचे फादर हल्ली दिसत नाहीत.

आपल्या देशात परतल्यावर मात्र सगळं पूर्ववत झालं. नाना धुळं सोडून गावी राहायला गेले आणि फडाच्या पाटावर बिनपगारी रुजू झाले. नवा पाटकरी त्यांना वैतागून होता. अक्का पाट सरकवत होत्या आणि नाना बाहेर पडत होते. आम्हीही पुढच्या वर्षी जळगावला परत आलो.

गेल्या वर्षी नाना पाटाच्या ओल्या भिंतीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा आला नाही. आता आधारानं मोरीपर्यंत जातात आणि येतात. ओट्यावर त्यांची खुर्ची आहे. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते हाक मारून विचारत, शेपटाला पाणी पोचलं का? पाटकऱ्याला दिवसातून दहा फोन. लोक हो हो म्हणून पुढे जात. नानांना ते खोटं कळायचं, आणि कळलं की ते खुर्चीचे हात आपटायचे.

एका सकाळी अक्कांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "मी पाहीसन येस," म्हणाल्या आणि गेल्या. दोन तासांनी आल्या तेव्हा लुगड्याचा काठ भिजला होता. काठी नानांपुढे धरून त्यांनी एका खाचेवर अंगठ्याचं नख टेकलं. "इतलं." नानांचा विश्वास बसेना. त्यांनी उलटतपासणी घेतली. अक्कांनी सगळी उत्तरं दिली, वर वडाच्या झाडापाशी खेकड्यांनी भिंतीला बीळ पाडलंय, तिथून पाणी गळतं, हेही सांगितलं. पाटकऱ्यानं जाऊन बघितलं तर खरंच गळत होतं.

त्या दिवसापासून पाण्याची पाळी सुरू झाली की अक्का पाटावर जातात. आता नाना पाटकऱ्याला फोन करत नाहीत, पाटकरीच अक्कांना करतो. ज्योती म्हणते आईची चाल बदलली आहे. मी परवा बघितलं, त्या चहा उभ्यानं पितात.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. आम्ही रविवारी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, ज्योती आत आवरत होती, मी पायरीवर पेपर घेऊन बसलो होतो. अक्का हात पुसत ओट्यावर आल्या आणि काठीकडे वळल्या.

"बठ ना जरासं," नाना म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. अक्कांनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. त्या बसल्या, भिंतीशी, त्यांच्या खुर्चीला खेटून ठेवलेल्या दुसऱ्या खुर्चीत. थोड्या वेळानं नानांची मान कलली, टोपी सरकली आणि डोकं अक्कांच्या खांद्यावर टेकलं. डोळे मिटलेले. मी पेपर वर धरला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेलं, "अक्का वं, पानी सोडं!" पाटाला पाणी सुटलं होतं.

अक्का हलल्या नाहीत. त्यांनी नानांच्या तोंडाकडे बघितलं. कोपऱ्यातल्या काठीकडे बघितलं. पुन्हा नानांकडे. मग खुर्चीच्या पाठीवरचं काळं जाकीट त्यांनी ओढून घेतलं, मांडीवर घडी केली, नानांचं डोकं अगदी हळू उचललं आणि जाकीट मध्ये घालून भिंतीला टेकवलं. चपला हातात घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वळणापर्यंत मी त्यांना बघत होतो. म्हातारी बाई भराभरा चालली होती आणि काठी तिच्या पावलापुढे पडत होती.

"गई का?"

मी वळलो. नानांचे डोळे मिटलेलेच होते.

"हो," मी म्हणालो. "बोलावू का? वळणापर्यंतच गेल्यात."

नानांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि जाकिटावर पडला, तो त्यांनी पुसला नाही.

"नको," ते म्हणाले. "शेपूट वलं व्हऊ द्या."

आणि जाकिटावर डोकं तसंच ठेवून ते बसून राहिले.